अर्ध्या सेकंदाचा उशीर

बाबांचा गेम खेळायचा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा झाला होता. "मी बटण दाबतो आणि गाडी मागाहून वळते. प्रोसेसर गेलाय याचा," असं टुमणं त्यांनी महिनाभर लावल्यावर लेकीने मेकॅनिकला बोलावलं. त्याच्या गोड बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून ती शेजारीच खुर्ची टाकून बसली.

मेकॅनिकने कॉम्प्युटरचा डबा उघडला, पंख्यावरची धूळ झटकली आणि बाबांच्याच शर्यतीची एक फेरी स्वतः मारून पाहिली. गाडीने एकेक वळण झोकात घेतलं. तरीही तो म्हणाला, "काका, प्रोसेसर बदलायलाच हवा."

लेकीने त्याला जिन्यात गाठलं. "मला काय दुधखुळी समजलात? तुमच्या हातात तर गाडी झकास पळत होती."

"मशीन ठणठणीत आहे, ताई," तो आवाज खाली आणून म्हणाला. "काकांची बोटं उशिरा पोचतात. त्यांना तुम्ही सांगता का?"

ती आत आली. बाबा दाराकडेच बघत बसले होते.



"तुमचंच खरं, बाबा. मशीनच थकलंय."