तेवढं एक वाक्य

व्हीलचेअर नाट्यगृहाच्या दारात आली तशा तिकिटं फाडणाऱ्या मावशी थबकल्याच.

खुर्ची ढकलणारी बाई ओळखीची होती. या नाटकाच्या दुपारच्या प्रयोगाला ती पाचव्यांदा येत होती. आजवर एकटीच यायची, पण आज सोबत खुर्चीत तिचे वडील होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, डावा हात मांडीवर निपचित.

मावशी एकवीस वर्षं या नाट्यगृहाच्या दारावर होत्या. तिकीट फाडायचं, टॉर्च दाखवून माणूस जागेवर बसवायचा. पण असं नाटक त्यांनी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या अंकात एक मुलगी अंथरुणाला खिळलेल्या बापाला औषध पाजता पाजता प्रेक्षकांकडे वळते आणि म्हणते, "बाबा, मरा ना हो एकदाचे!" वर्तमानपत्रांनी नाटकाला निर्लज्ज म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तिकिटं मिळेनाशी झाली.

येणार ती उनाड पोरंटोरंच, असं मावशींनी ठरवून टाकलं होतं. टॉर्चच्या उजेडात दिसले ते भलतेच लोक. पन्नाशीचे, दमलेले, मध्यंतरात घरी फोन करून "गोळी दिली का?" विचारणारे. आणि त्या वाक्याला हेच लोक पोट धरधरून हसायचे. मावशींना काही उलगडा होईना. गेल्या आठवड्यात त्यांनी या बाईला गाठलंच.

"ताई, एवढं काय आहे हो त्यात?"

आसपास कोणी ऐकत नाही ना, ते बाईने पाहिलं. मग म्हणाली, "माझे वडील सात वर्षं अंथरुणावर आहेत. जीव लावून करते मी त्यांचं. पण कधीकधी मनात येतंच. इथे सहाशे माणसं हसली ना, की वाटतं, मी एकटीच राक्षसीण नाही. मग घरी जाऊन पुन्हा सगळं नीट करता येतं."



आज त्याच बाईला बाजूला घेऊन त्या कुजबुजल्या, "अहो, यांना कशाला आणलंत? नाटकात काय आहे ते ठाऊक आहे का त्यांना?"

"नाही ना! हट्टच धरला. दर आठवड्याला जाऊन काय बघतेस, मलाही ने म्हणाले. खरं कारण कुठल्या तोंडाने सांगू?"

"पहिला अंक झाला की घेऊन जा. मी बाजूचं दार उघडून ठेवते."

मध्यंतर झालं. मावशींनी दार उघडलं. पण आजोबा हलायलाच तयार होईनात. "अगं, पुढे काय होतं ते तरी बघू दे की!"

तिसरी घंटा झाली. मावशी आत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नाटकाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. शेवटी ते वाक्य आलं. हशा फुटणार, तेवढ्यात आसपासच्या लोकांच्या नजरा व्हीलचेअरकडे गेल्या. त्यांनी तोंडं दाबली. बघता बघता सगळं सभागृह चिडीचूप झालं. नटीसुद्धा अडखळली. बाईने डोळे घट्ट मिटून घेतले.

त्या शांततेत एकच माणूस हसला. घोगरं, खोकल्यासारखं, थांबता थांबेना असं. आजोबा उजव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत होते. मग सभागृहही हसत सुटलं.

मावशी पाण्याची बाटली घेऊन धावल्या. बाई वडिलांच्या पायाशी बसून रडत होती. "बाबा, चुकले मी. मी हे ऐकायला येत होते. मला माफ करा."

"कशाबद्दल?" आजोबांनी डोळे पुसले. "अगं, सात वर्षं रोज सकाळी मीही स्वतःला हेच म्हणतो. फक्त तुला ऐकू जाऊ नये, म्हणून मनातल्या मनात."