पांढऱ्या काचेचा चष्मा

ओडीलने मोटारसायकलवाल्यांचा जाडजूड गॉगल गल्ल्यावर आपटला. "हाच दे."

गोडेलीवने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाळीस वर्षं ती या गावात सायकली आणि सायकलींचं सामान विकत होती. गिऱ्हाईक कोण आणि नुसतं सोबत आलेलं कोण, हे तिला दारातच कळायचं.

"डोळे तुझे आहेत की तिचे?"

तिचे म्हणजे फेनचे. ओडीलची एकोणीस वर्षांची लेक दाराशी आपली सायकल धरून उभी होती. एप्रिलात बापलेक सरावाला निघाले होते. वारा अडवत ओडील पुढे, फेन त्याच्या चाकाला चिकटून मागे. चष्म्यावर वाफ धरली म्हणून तिने तो टोपीवर चढवला, आणि नेमका तेव्हाच ओडीलच्या चाकाखालचा खडा उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेला. आता त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. डॉक्टरांनी शर्यतीला हो म्हटलं होतं. उद्या गावच्या जत्रेची शर्यत होती. ओडीलने ना हो म्हटलं होतं, ना नाही. त्याने फक्त आपल्या शर्यतीच्या सायकलला मागे मडगार्ड बसवलं होतं. नवरदेवाने गळ्यात लाळेरं बांधावं तसं ते दिसायचं. सगळा गाव हसला, पण त्याने काढलं नाही.

"हा सगळीकडून बंद आहे," ओडील म्हणाला. "धूळसुद्धा शिरणार नाही."

"आणि कडेचं दिसणारही नाही. एकाच डोळ्याने बघायचं तिला, त्यालाही तू झापडं लावतोस! घोडी आहे का ती?" गोडेलीवने गॉगल बाजूला सारला आणि फेनपुढे तीन चष्मे मांडले. काळा, पिवळा आणि पांढऱ्या, बिनरंगी काचेचा.

फेनने काळा लगेच परत दिला. "चर्चच्या मागे रस्ता झाडीतून जातो. तिथे आंधळी कोशिंबीर होईल."

पिवळा तिने घातला, रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ खाली बघत राहिली. बीटाची काढणी चालू होती. ट्रॅक्टरांनी सकाळपासून रस्ताभर चिखल सांडला होता.

"यातून ओला रस्ता आणि चिखल सारखाच दिसतो. खड्डा किती खोल, हे मला आता रंगावरूनच ओळखावं लागतं, मावशी."

इतकी वर्षं आपण चष्मे विकतोय आणि ही गोष्ट आपल्याला या पोरीने शिकवावी, याचं गोडेलीवला मनापासून कौतुक वाटलं. तिने पांढरा चष्मा फेनच्या डोळ्यांवर चढवला. खालची कड गालाला टेकते का ते बघितलं. वाफ धरू नये म्हणून भुवईपाशी जराशी फट राहते का, तेही बोट फिरवून बघितलं.

दुकानात आरसा नव्हता. आरसा हवा असेल तर लग्नाला जा, असं गोडेलीव म्हणायची. तिच्याकडे चष्म्याची परीक्षा मागच्या अंगणात व्हायची. तिथे बीटाच्या चिखलाची बादली असे. ती मूठभर चिखल तोंडावर फेके. पापणी मिटली की चष्मा परत फळीवर. डोळ्याचा चष्म्यावर भरवसा नसेल, तर दुसऱ्याच्या चाकामागे राहता येत नाही. आणि चाकामागे राहता आलं नाही, तर शर्यत कसली!

पहिल्या मुठीला फेनने डोळे मिटले. दुसऱ्या मुठीलाही. तिसऱ्या वेळी तर गोडेलीवने नुसता हात उचलला होता.

"झालं," ओडील म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडल्याचं लपत नव्हतं. "चल घरी."

फेनने बाहीने काच पुसली. "मावशीच्या हाताला नाही भीत मी. तुझ्या चाकाला भिते, बाबा. मडगार्ड काढ आणि पुढे हो."

"नाही."

"तू आज नाही झालास, तरी उद्या सत्तर जण पुढे असतीलच. त्यांच्यातल्या एकाच्याही चाकाला मी ओळखत नाही."

ओडीलने गोडेलीवकडे पाहिलं. गोडेलीवने त्याच्या हातात पाना दिला. दोनच नट होते, पण ते सोडवायला त्याला फार वेळ लागला. तिने मदत केली नाही.

मग दोघं कालव्याच्या रस्त्याने गेली. जिथे सगळ्यात जास्त चिखल होता, तिथूनच. गोडेलीव दारात उभी राहून बघत होती. ओडीलच्या चाकाने उडवलेला राडा थेट मागच्या चेहऱ्यावर पडत होता, आणि मागचा चेहरा वीतभरही मागे सरत नव्हता. पोरीने जिंकलं, असं ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली.

परत आली तेव्हा फेन ओळखू येत नव्हती. दातांतसुद्धा चिखल. तिने चष्मा काढला. तेवढीच जागा स्वच्छ होती, आणि तिथे दोन्ही डोळे उघडे होते.

"किती वेळा मिटले?" गोडेलीवने विचारलं.

"शाळेपर्यंत मोजत होते. मग विसरले."

ओडीलने जाताना एकदाही वळून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, बराच वेळ. मग त्याने चष्म्याचे पैसे गल्ल्यावर ठेवले आणि सायकल वळवली.

"अरे ओडील," गोडेलीवने मागून हाक मारली, "तुझं मडगार्ड राहिलं की!"

"राहू दे," तो म्हणाला. "पोरीकडे चष्मा आहे."