वैजयंताची वेबसाइट

आमची सून वैजयंता, मी बोलायला लागले की मान खाली घालून लॅपटॉप बडवत बसते. उलट उत्तर नाही, की 'चुकले' नाही. वाचनालयात नोकरी आहे. तिथली वेबसाइट जमली नाही, तर दुसरं माणूस घेणार. म्हणून इंटरनेट शिकते. शिकू दे की! पण मी काय भिंतीशी बोलते?

काल वाचनालयाचे अध्यक्ष पेढे घेऊन आले. "आजी, सूनबाईंची नोकरी पक्की! आमच्या पाट्या कुणी वाचत नव्हतं. यांची वेबसाइट वाचून लोक दडपलेली पुस्तकं मुकाट परत आणतायत."

"दाखव," म्हटलं. तिनं भीतभीत लॅपटॉप फिरवला. मी अक्षरं लावत वाचलं: "पुस्तक परत आणायला अक्षता देऊन बोलवू का? पान दुमडलंस, तर बोटं मोडून हातात देईन!"

माझीच बोलणी! ही बया इतके दिवस सगळं टिपून घेत होती.

ती रडायच्या बेतात होती. मी पेढा तिच्या तोंडात कोंबला. "झकास झालंय! फक्त आधीचं 'मेल्या' का गाळलंस? माझ्या बोलण्यात पाणी घातलेलं मला चालायचं नाही!"