आकड्यांचं एकमत

"जरा ओढ वाढवली की गळ्यातच पडतात, कमी केली की घर सोडून पळतात मेले!" वहिनी संगणकाकडे बघून पुटपुटली.

प्रयोगशाळेत मागच्याच टेबलावर बसणाऱ्या नणंदेनं कान टवकारले. पण विषय रेणूंचा होता. वहिनी पडद्यावरच्या चौकोनात द्रवाचे रेणू कोंडायची, त्यांनी एकमेकांना किती ओढायचं ते ठरवून द्यायची. मग तो द्रव किती तापमानाला उकळेल, याचं भाकीत संगणक करायचा. नणंद तोच द्रव काचेच्या भांड्यात खरोखर उकळून बघायची. निदान पगार तरी तिला त्याचाच मिळायचा.

एकदा दोघींचे आकडे जुळले नव्हते. भांडण जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलं. एकीचा नवरा आणि दुसरीचा दादा असलेला गृहस्थ मधल्या खुर्चीत मान खाली घालून जेवत राहिला. तेव्हापासून दोघी भाजीपाल्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलत, आकड्यांबद्दल अवाक्षर नाही. आकडे इकडून तिकडे पोचवण्याचं काम संस्थेच्या संचालकांनी स्वतःकडे घेतलं. आणि काय नवल, ते दशांशापर्यंत जुळू लागले! पाहुणे आले की संचालक दोघींना शेजारी शेजारी उभं करत. संस्थेत दुसऱ्या कशावरच एकमत नव्हतं.

आज नव्या द्रवाची कारखान्यात पहिली चाचणी होती. बंद टाकीतला द्रव दोघींच्या जुळलेल्या आकड्याच्या जरा खालपर्यंत तापवून ठेवला होता. आकडा बरोबर असेल तर काळजी नव्हती. चुकीचा असेल तर झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर उकळती वाफ येणार होती. झाकण उघडणार होता त्याच कारखान्यात काम करणारा दादा.

इकडे संस्थेत फोन टेबलावर ठेवला होता, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"काय मग, उघडू ना?" दादा म्हणाला. "तुम्ही दोघी हो म्हणत असाल, तर मी डोळे मिटून उघडतो."

"आकडे जुळलेत," संचालक म्हणाले.

वहिनीनं नणंदेकडे पाहिलं, नणंदेनं वहिनीकडे. दुसरीनं आधी हो म्हणावं, म्हणून दोघी थांबल्या होत्या.

"दादा, हात लावू नकोस!" नणंद एकदम ओरडली. "मी उकळून बघितलंच नाहीये. वहिनींचा आकडा आला होता, तोच लिहिला. पुन्हा घरात ते भांडण नको वाटलं रे."

वहिनी फोनवर वाकली. "अहो, आधी लांब व्हा तिथून!" मग नणंदेकडे वळून म्हणाली, "अगं, माझ्याकडे तर तुझा आकडा आला होता! तोच निघावा म्हणून मी रेणूंची ओढ कमीजास्त करत बसले."

फोनमधून पावलं मागे सरकल्याचा आवाज आला. मग दादानं विचारलं, "म्हणजे मुळात हा आकडा आहे कुणाचा?"

दोघींनी एकदमच संचालकांकडे पाहिलं.

"माझा," संचालक चष्मा पुसत म्हणाले. "या द्रवासाठी मंजुरी मागायला मंत्रालयात गेलो होतो, तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, कितीला उकळतो म्हणून. काहीतरी सांगायला लागतंच ना!"