सावलीचा होकार

“सावलीला दर महिन्याला मनातलं सांगत जा, नाहीतर ती जुन्याच मताला धरून बसते,” असं नगरपालिकेतल्या कुंदाताईंनी बजावलं, तेव्हा केतकीने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज शहर आराखड्याच्या सुनावणीत तिच्या संगणकी सावलीने, म्हणजे तिची मतं साठवून तिच्या जागी बोलणाऱ्या यंत्रणेने, मत दिलं: अंगणवाडीच्या मैदानावर पर्यटकांच्या गाड्या लावा. लेक होण्याआधी केतकीला तेच हवं होतं.

लेकीला कडेवर घेऊन ती सभेत शिरली आणि मत बदलून घेतलं. तरी मैदान वाचवायला एक मत कमीच पडलं. यादीत शेजारच्या यमूकाकूंच्या सावलीचा गाड्यांना होकार होता, आणि काकू तर आठवडाभर दिसल्या नव्हत्या.

केतकीने जाऊन पाहिलं, तर काकू घरात तापाने फणफणत पडल्या होत्या. “गाड्या? मेल्यांना विचार, पोरं खेळायची कुठं?”

केतकीने आधी डॉक्टर बोलावला, मग सभेला काकूंचं खरं मत कळवलं.

तुमच्या गल्लीतही कुणाची सावली नेमाने मत देत असेल. त्या माणसाचं दार आजच वाजवून बघा.