बादलीचं वजन
कुवाबारासर वर्षानुवर्षं चिएच्या चित्रांवर पिवळा कागद ठेवून चुका दुरुस्त करत आले होते. आता तोक्योच्या त्याच स्टुडिओत टीव्हीच्या कार्टून मालिकेची डायरेक्टर ती होती आणि सर तिच्या हाताखाली. त्यांनी काढलेली म्हातारी भरलेली बादली उचलत होती, पण तिचा दुसरा हात नुसताच लोंबत होता; बादलीला वजनच नव्हतं. "राहू दे गं, सरांचं चित्र आहे," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण पुटपुटली. चिएने पिवळा कागद ठेवलाच. सरांनी त्यावर आपला पिवळा कागद चढवला. "पोरी, म्हाताऱ्या मी जास्त बघितल्यात."  काठोकाठ भरलेली बादली चिएने सरांच्या टेबलापुढे ठेवली आणि वाकून उचलली. मोकळा हात आपोआप गुडघ्यावर गेला. सरांनी कोरा कागद ओढला. चिए बादली टेकवायला वाकली. "ठेवू नका," सर पेन्सिल उचलत म्हणाले. "चित्र होईपर्यंत तशाच उभ्या राहा, डायरेक्टर."