तळ्यामागचा देवदार

गाइडने मंडळींना गढीच्या जिन्याकडे वळवलं, तेव्हा ओदील मागे राहिली. वालफ्लर गावातल्या म्हाताऱ्या माणसांची सहल होती. तिला दालनं, तसबिरी, हरणांची शिंगं काहीच बघायचं नव्हतं. तळ्याला वळसा घालून ती सरळ रानात शिरली.

पायवाटेच्या टोकाला एक म्हातारा नेचे कापत होता. फिर्मां, गढीचा रानराखा. इथला मोठा देवदार कुठे आहे, असं तिने त्याला विचारलं.

त्याने विळा खाली ठेवला. एवढ्या वर्षांत त्या झाडाची चौकशी कुणी केली नव्हती. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"तुम्ही त्या पोराच्या आई."

ओदीलने मान हलवली. नवरा होता तोवर त्याने तिला इकडे फिरकू दिलं नव्हतं. आता तोही गेला. झाडाला एकदा हात लावते नि परत जाते, म्हणाली.

फिर्मां बाजूला सरकला. त्याच्यामागे नेच्यांत कापलेला रुंद बुंधा होता, वर शेवाळ धरलेला.

"मीच पाडला. त्याच हिवाळ्यात. मालक खूप बोलले. पण रोज इथून जायचं म्हणजे पाय उचलत नव्हता हो."

"मला विचारायचं तरी."

ती बुंध्यावर बसली. शेवाळावरून हात फिरवत राहिली. मग खाली मान घालूनच सांगू लागली. शाळेची इथे मुक्कामाची सहल होती. रेमी नऊ वर्षांचा. घर सोडून कधी राहिला नव्हता. बसमध्ये चढेना, रडायला लागला, तेव्हा तिनेच त्याला आत ढकललं होतं. त्याच सहलीत तो या देवदारावरून पडून गेला. पुढे सगळे म्हणाले, पोरगं वांड होतं, पैज लावून चढलं असेल. घरी तर तो शिडीलासुद्धा भ्यायचा.

मग तिने फिर्मांला विचारलं, तुम्ही कधी चढला होतात का? हो, पाडण्याआधी वरच्या फांद्या उतरवायला फिर्मांच चढला होता.

"काय दिसायचं वरून?"

"गढीची छपरं. तळं, नदी." त्याने पलीकडे बोट केलं. "नदीपलीकडे तुमच्या वालफ्लरच्या चर्चचा मनोरा."

"त्याला लागूनच आमचं घर."

"मग पोराला घर दिसलं असणार, बाई," फिर्मां घाईने म्हणाला. "फार वर जायचीही गरज नव्हती. मधल्या फांदीवरूनच लख्ख दिसायचं सगळं."

ओदील उठली. स्कर्टला लागलेलं शेवाळ तिने झटकलं.

"त्या दिवशी धुकं होतं," ती म्हणाली. "म्हणून आणखी वर, आणखी वर जात राहिला असेल."